लेकरू कुणाजवळ राहील?

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं गणपती बोळवून नुकती अंथरुणाला टेकली होती. ज्या घरांच्या आसऱ्याला ती झोपली, त्या घरांनीच घात केला. तेरणाकाठच्या या पट्ट्यात घर म्हणजे माळवदाचं. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर. गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या छताचं ओझं वाढतच जायचं. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार असं हे घर. 6.2 तीव्रतेच्या उथळ भूकंपात भिंतींचे दगड सुटले आणि ते सगळं ओझं खाली आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं भुईसपाट झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ आहे. काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात.

आदल्या वर्षीही, 1992 मध्ये, किल्लारीला छोटे धक्के बसले होते. लोक घाबरले, अंगणात झोपले, अर्ज-विनंत्या झाल्या, मग धक्के थांबले आणि माणसं घरात परतली. यातली एक बाजू फारशी बोलली जात नाही. ‘काही होत नाही, झोप’ असं मोठी माणसं त्या वर्षभरात लेकरांना किती वेळा म्हणाली असतील! पुढे वाचलेल्या मुलांना ‘आता भ्या नाही’ म्हणून समजावणाऱ्यांच्या वाट्याला जो अविश्वास आला, त्याचं मूळ इथेही असावं असं मला वाटतं.

किल्लारीच्या बचावकार्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मंगरूळच्या ढिगाऱ्यातून पाचव्या दिवशी लष्करी अधिकाऱ्याने जिवंत काढलेल्या दीड वर्षाच्या मुलीची हकिकत तर महाराष्ट्राला पाठ आहे. तिचे आईवडील वाचले होते. निदान मृतदेह तरी मिळावा म्हणून ते शोधत होते आणि हाती आली ती जितीजागती पोर. ती आपल्या माणसांत परतली, वाढली, शिकली, पुढे शिक्षिका झाली. पण त्याच दिवसांत अशीही कितीतरी मुलं होती ज्यांना बाहेर काढल्यावर कुणाच्या हातात द्यायचं, याचं उत्तर तिथे उभ्या असलेल्या कुणाजवळ नव्हतं. हे प्रकरण त्या मुलांचं आहे, आणि त्यांना ज्यांनी पुढे सांभाळलं त्या माणसांचं.

पहिल्या आठवड्यात बाहेरच्या माणसाला एकच दिसतं: अनाथ मूल. मन द्रवतं आणि हात पुढे होतो. मोठ्या आपत्तीनंतर जगभर दत्तक मागणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्यातले बहुतेक जण मनाने चांगले असतात. अडचण तिथेच आहे. जानेवारी 2010 मध्ये हैतीच्या भूकंपानंतर तीनच आठवड्यांच्या आत अमेरिकेतल्या चर्चच्या मंडळींनी 33 मुलं गोळा करून डॉमिनिकन रिपब्लिकच्या सरहद्दीपर्यंत नेली. पोलिसांनी अडवलं. चौकशी झाली तेव्हा कळलं, की यातल्या बहुतेकांचे आईवडील किंवा त्यांतलं एक तरी जिवंत आहे. काहींनी ‘पोर शिकेल, पोटाला खाईल’ म्हणून स्वतःच हवाली केली होती. आईबाप ढिगाऱ्याखाली गेले म्हणजे मूल एकटं पडलं, असं आपल्याकडे तर क्वचितच असतं. मामा असतो, आत्या असते, पलीकडच्या गावात दिलेली थोरली बहीण असते, आणि बहुतेक वेळा एक आजी असते.

आजीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. भूकंपात स्वतःची लेक गमावलेली बाई लेकीच्या मुलांना पोटाशी धरते, तेव्हा तिथे दोन दुःखं एका अंथरुणावर निजलेली असतात. मूल आईबद्दल बोललं की आजीला रडू फुटतं. मूल ते बघतं आणि पुढच्या वेळी बोलत नाही. आजीला वाटतं, लेकरू विसरलं. शेजारीपाजारी म्हणतात, बरं झालं, लहान आहे, लवकर विसरेल. प्रत्यक्षात ते आजीला जपत असतं. अशा घरात मदत करायची तर मुलाला बाजूला घेऊन ‘समुपदेशन’ करण्याआधी आजीचं दुखणं ऐकायला कुणीतरी बसलं पाहिजे, तिच्या रेशनची आणि गुडघ्याच्या औषधाची सोय झाली पाहिजे. आजी उभी राहिली की मूल आपोआप बोलायला लागतं.

किल्लारीनंतर मुलांसाठी ज्या वाटा निघाल्या त्या एकमेकींहून बऱ्याच निराळ्या होत्या. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुलं पुण्याला आणली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. मुथ्था मूळचे बीड जिल्ह्यातले, म्हणजे मी राहतो त्या मिरजगावच्या शेजारच्याच मुलखातले. पुढे वाघोलीला या कामासाठी मोठं संकुल उभं राहिलं आणि नंतरच्या काळात इतर भागांतली मुलंही तिथे येत गेली. 1200 मुलं म्हणजे काय, हे वसतिगृह चालवलेल्या माणसाला विचारा. इतक्यांची रोजची न्याहारी, इतक्यांच्या उवा, इतक्यांचा ताप, आणि रात्री दिवा मालवल्यावर सुरू होणारी रड. हे काम केवळ दयेच्या जोरावर चालत नाही. त्याला व्यवस्था लागते आणि ती त्यांनी उभी केली.

नळदुर्गला दुसरी वाट निघाली. बार्शीचे समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी तिथे ‘आपलं घर’ सुरू केलं. ते भूकंपाच्या पट्ट्यापासून फार लांब नाही. लातूरला एसओएस बालग्राम आलं. त्यात एका घरात काही मुलं आणि त्यांना सांभाळणारी एक ‘आई’ अशी रचना असते. लातूरजवळच्या हरंगुळला संघपरिवारातल्या जनकल्याण समितीची निवासी शाळा उभी राहिली. विचाराने ही मंडळी एकमेकांपासून कोसभर दूर; जैन संघटना, सेवा दल आणि संघपरिवार एका सभेत बसवायचे म्हटलं तर पंचाईत व्हावी. पण एकाच भूकंपातून आलेल्या, एकाच तऱ्हेच्या मुलांसाठी ती राबत होती.

यातलं बरं कोणतं? मला स्वतःला नळदुर्गची वाट जास्त पटते, आणि तिचं कारण अगदी साधं आहे. सकाळच्या एसटीने मामा येतो, भाच्याला भेटतो, खाऊ देतो आणि मुक्कामाला परत गावी पोचतो. मूल संस्थेत असलं तरी गावातून उठत नाही. त्याची बोली, त्याचं दैवत, त्याच्या वाट्याचं शेत, चुलत्यांशी असलेलं भांडणसुद्धा त्याचंच राहतं. पुण्याला गेलेल्या मुलाला शाळा अधिक चांगली मिळाली असेल, संधी नक्कीच मोठ्या मिळाल्या. पण सुट्टीत घरी गेल्यावर पाहुण्यासारखं वाटणं, हा त्याचा मोबदला काहींना चुकवावा लागला असणार. तरी पुण्याच्या प्रयोगात एक गोष्ट शहाणपणाची घडली: मुलं एकेकटी विखरून गेली नाहीत. एकाच पट्ट्यातली, एकाच रात्रीतून आलेली शेकडो मुलं एकत्र राहिली. रात्री दचकून उठलेल्या मुलाला बाजूच्या कॉटवरच्या मुलाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

भूकंपानंतर मुलं कशी वागतात, याची घराघरांत वेगवेगळी तक्रार असते. पाच वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, आईचा पदर सोडत नाही, शौचालादेखील एकटं जात नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल दगड रचतं आणि पाडतं, पुन्हा रचतं, पुन्हा पाडतं. मोठ्यांना हा खेळ बघवत नाही आणि ते ओरडतात. ओरडू नये. जे तोंडाने सांगता येत नाही ते मूल हातांनी सांगत असतं, आणि खेळात निदान भूकंप कधी यायचा हे त्याच्या हातात असतं. त्याहून मोठी मुलं गप्प होतात किंवा चिडखोर. त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यात एक भलतंच ओझं असतं: ‘मी त्या दिवशी आईला उलटून बोललो म्हणून असं झालं.’ हे ते कुणालाही सांगत नाहीत. शास्त्राच्या पुस्तकातला भूकंपाचा धडा, जमीन का हलते, कशी हलते, कुणाच्या वागण्यामुळे हलत नाही, हा अशा मुलासाठी औषध ठरू शकतो. गुरुजींनी तो नेहमीच्या तासाला, नेहमीच्या आवाजात शिकवावा.

जपानमध्ये कोबेचा भूकंप 17 जानेवारी 1995 ला पहाटे झाला. साडेसहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आईवडील गमावलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘आशिनागा’ या संस्थेच्या शिबिरात एका मुलाने इंद्रधनुष्य काढलं आणि ते काळ्या रंगाने रंगवलं. कार्यकर्त्यांनी त्याला ‘अरे, इंद्रधनुष्य असं नसतं’ म्हणून दुरुस्त केलं नाही. त्या चित्रावरून त्यांना कळलं की मुलांना वर्षातून एखादं शिबिर पुरणार नाही, कायमची जागा हवी. 1999 मध्ये कोबेत ‘इंद्रधनुष्याचं घर’ उघडलं. भूकंपानंतर चार वर्षांनी! आपल्याकडे चार वर्षांनी कार्यकर्त्यांचे तंबू केव्हाच उठलेले असतात.

आर्मेनियात 7 डिसेंबर 1988 ला भूकंप झाला तो शाळेच्या वेळेत, त्यामुळे तिथे मुलं वर्गातच सापडली. ग्युमरी शहरातल्या शाळांत कॅलिफोर्नियाहून आलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी दीड वर्षाने काम सुरू केलं. गटात बोलणं, काही एकट्याने भेटणं, आठवण आली की अंगात काय होतं ते ओळखायला शिकवणं, असं काही आठवडे चाललं. पुढे तपासलं तेव्हा मदत मिळालेल्या मुलांचा त्रास कमी झालेला दिसला. ज्यांच्यापर्यंत मदत पोचली नव्हती, त्यांची उदासी उलट वाढली होती. म्हणजे ‘काळ हेच औषध’ ही समजूत प्रत्येक मुलाला लागू पडत नाही. दुसरीकडे, पहिल्याच दिवसांत सगळ्यांना ओळीने बसवून ‘काय झालं ते सांगा’ म्हणून बोलतं करण्यानेही फायदा होत नाही, असा नंतरच्या अभ्यासांचा कौल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा गाभा मराठीत तीन शब्दांत मावतो: बघा, ऐका, जोडा. खोदून विचारा, असं त्यात कुठेही नाही.

किल्लारीच्या मोठ्या माणसांचं काय झालं? अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी भूकंपानंतर महिन्याभरात वाचलेल्यांपैकी काहींची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत मानसिक आजाराची लक्षणं आढळली. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली पुढची काही वर्षं या भागात अभ्यास केला. आगाशे म्हटलं की आपल्याला रंगमंच आणि पडदा आठवतो, पण त्यांचं हे काम कमी मोलाचं नाही. 

मुलासाठी याचा अर्थ काय? बाप रात्रभर जागा असेल, दारू वाढली असेल, आई चुलीपाशी बसून भाकरी करपेपर्यंत भानावर नसेल, तर मुलाला कितीही खेळणी वाटली तरी ते सावरत नाही. त्यात घरं मोडली आणि नव्याने जुळलीही. बायको गेलेल्या पुरुषांची लग्नं लवकर झाली. नवरा गेलेल्या बायकांची तितकी सहज नाही. सावत्र आई घरात आली म्हणजे छळच होतो असं मुळीच नाही. पण मूल अजून रडायचं राहिलेलं असताना त्याच्यापुढे नवी ‘आई’ उभी केली, आणि तिला आई म्हण म्हणून धाक घातला, तर दोघींवरही अन्याय होतो. गेलेलीवर आणि आलेलीवर.

सरकारने घरांचं काम मोठ्या ताकदीने केलं, हे मान्य करायला हवं. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तिथे पोचले होते. जागतिक बँकेच्या कर्जातून 1994 पासून पुनर्वसनाचा कार्यक्रम चालला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं नव्या जागी वसली, जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. इतर गावांत मोडकळीला आलेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती, आणि ती संख्या जवळजवळ दोन लाखांवर गेली.

नवी गावं पाहिली की रुंद रस्ते दिसतात, सरळ ओळी दिसतात. जुन्या गावात पोर घराबाहेर पडलं की दहा पावलांत काकूचं दार, पुढे आत्याचं, मग पार. नव्या गावात अंतरं वाढली. घर जमिनीच्या मापाने मिळालं, त्यामुळे एका वाड्यातले भाऊ वेगवेगळ्या ओळींत गेले, शेतं लांब पडली. अंगणात बसून नातवंडांवर लक्ष ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना समोर सिमेंटची भिंत आली. वीस जणांच्या नजरेखाली वाढणारं मूल दोघांच्या नजरेखाली आलं, आणि ते दोघे आधीच थकलेले. आराखडा काढणाऱ्यांना घर म्हणजे खोल्या दिसल्या. मुलाच्या लेखी घराची हद्द कितीतरी पलीकडे होती. शिवाय पक्क्या घरात झोपायला माणसं कित्येक दिवस धजत नव्हती. दारापुढे पत्र्याचं शेड टाकून त्यात रात्र काढायची आणि घरात धान्याची पोती, हे चित्र त्या भागात अनेकांनी पाहिलं आहे. हसण्याची गोष्ट नाही ती. पत्रा पडला तर खरचटेल, भिंत पडली तर काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं.

या सगळ्यात दुरुस्तीच्या कामातून मात्र एक अनपेक्षित गोष्ट निघाली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने शेकडो गावांत बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणलं. भिंतीला बाहेरून-आतून जोडणारा आरपार दगड कुठे घालायचा, कोपरे कसे बांधायचे, हप्ता कधी मिळतो, इंजिनिअर येऊन गेला का, हे बायका बायकांना सांगू लागल्या. सिमेंटचं पोतं मोजून घेणारी आई संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि ऐकायला पोरं होती. मुलांच्या पुनर्वसनाच्या कुठल्याही अहवालात ही गोष्ट येणार नाही, पण मला ती मुलांच्याच कामात मोजावीशी वाटते. याच बायकांतल्या काही 2001 च्या भूकंपानंतर गुजरातेत गेल्या आणि कच्छमधल्या बायकांशी बोलल्या. भाषा धड कळत नव्हती; कामाची ओळख पुरेशी होती.

हे लिहितोय ते मिरजगावात बसून. नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. आमच्या भागातल्या जुन्या गावठाणांत धाब्याची घरं अजून आहेत, दगड-मातीतलीच. आणखी एक गोष्ट इथली: दिवाळीच्या सुमारास कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि पलीकडच्या आष्टीतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मुलं आजी-आजोबांजवळ मागे राहतात. आईबाप नसताना म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर मूल सांभाळणं म्हणजे काय, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पण अशा हंगामात आपत्ती आली तर? आईबाप कारखान्याच्या फडात, आजी ढिगाऱ्याखाली, आणि मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या लेखी पोर ‘अनाथ’.

म्हणून पहिलं काम याद्यांचं. गावातलं कोणतं मूल कुणाचं, त्याचे मामा कुठले, हे अंगणवाडीताई, आशाताई आणि शाळेचे गुरुजी यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. हजेरीपट आणि अंगणवाडीची नोंदवही यांची प्रत गावाबाहेर, तालुक्याला असायला हवी, कारण शाळेची इमारतही पडू शकते. दुसरं, मूल गावाबाहेर कुणी नेत असेल, अगदी संस्थेची पाटी लावलेल्या गाडीतून, तरी नाव, गाव, नेणाऱ्याची सही लिहून ठेवल्याशिवाय जाऊ देऊ नये. 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सापडलेल्या मुलाला 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर आणावं लागतं. 1098 या क्रमांकावर कळवता येतं. त्याच कायद्याने दत्तकाची घाईही अडवली आहे: आधी नातेवाइकांचा शोध, मग वाट पाहण्याची मुदत, दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिने आणि त्याहून मोठ्याला चार.

शाळा आठवड्याभरात सुरू व्हावी, झाडाखाली का होईना. पुस्तकं नसली तरी चालेल. घंटा, हजेरी, दुपारची खिचडी आणि सुट्टी एवढं रोज त्याच वेळेला झालं पाहिजे. हजेरी घेताना गेलेल्या मुलांची नावं काय करायची, हा प्रश्न गुरुजींना पहिल्याच दिवशी भेडसावतो. नाव गुपचूप गाळलं तर वर्गाच्या ते लगेच लक्षात येतं. एकदा सगळ्यांसमोर त्या मुलांची नावं घ्यावी, त्यांच्याबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर सांगू द्यावं, मग नवी यादी सुरू करावी. गुरुजींच्याच घरात कुणी गेलं असेल तर दुसऱ्या गावाहून शिक्षक आणावा आणि त्यांना थोडे दिवस घरी बसू द्यावं.

आणि कागदपत्रं. नातेवाइकाने मूल सांभाळायचं ठरवलं तर आज राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा 2250 रुपयांची. पण तिच्या अर्जाला आईवडिलांचा मृत्यूचा दाखला लागतो, आणि घर गाडलं गेलेल्या माणसाजवळ रेशनकार्डही उरलेलं नसतं. त्यात मुलाच्या नावावर नुकसानभरपाईचे पैसे आले की कालपर्यंत न दिसलेले चुलते दारात उभे राहतात. पैसे मुलाच्या खात्यात मुदतठेवीत आणि सांभाळणाऱ्याला दरमहा वेगळी रक्कम, अशी सोय पहिल्या महिन्यातच लागली तर आजीला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. तेव्हा धान्य आणि ब्लँकेट वाटणाऱ्या तंबूशेजारी आणखी एक टेबल हवं: ग्रामसेवक, तलाठी आणि बँकेचा एक माणूस. दाखला तिथल्या तिथे लिहून द्यायचा, शिक्का तिथल्या तिथे.